दोन्ही घरचा पाहुणा

वाचकहो, या खेपेचा विषय आम्ही निवडलेला नाही; तो तुम्हीच आमच्या पदरात टाकला आहे. गणपतीच्या कार्यक्रमात मसालेभाताच्या रांगेत दोघांनी आम्हाला गाठलं, त्यानंतर तिघांचे फोन आले. शब्द निरनिराळे, तक्रार एकच. "जुन्या क्रेडिट कार्डावरची बाकी नव्या कार्डावर न्यायला अर्ज केला. नव्या बँकेने तो लगेच मंजूर केला. पण पैसे पोचायला लागले तीन-चार आठवडे. तेवढ्यात जुन्या कार्डाची ड्यू डेट उलटली आणि लेट फी लागली. उशीर बँकेचा आणि दंड आम्हाला, हे कुठलं शास्त्र?"

उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पुढचं वाचायला वेळ नाही ते सरळ पाककृतींच्या पानाकडे वळू शकतील. जुन्या बँकेच्या हाती पैसे पडेपर्यंत ते कर्ज तुमचंच असतं आणि त्याचा हप्ताही तुम्हीच भरायचा असतो. नव्या बँकेने किती दिवस लावले याच्याशी जुन्या बँकेला काही देणंघेणं नाही. मात्र पैसे तिच्या दारात वेळेवर पोचले आणि जमा करायला तिने उशीर लावला, तर ती लेट फी तिने परत करायची, आणि ती मागायचा तुम्हाला कायद्याने हक्क आहे. म्हणजे भांडण 'चूक कुणाची' यावर घालून उपयोग नाही. कुठल्या तारखेला पैसे कुठे होते, एवढंच पाहायचं.

घोटाळ्याचं मूळ 'ट्रान्स्फर' या शब्दात आहे. आपल्या मराठी कानांना ट्रान्स्फर म्हटलं की बदली आठवते. कर्जाची या कार्डावरून त्या कार्डावर बदली झाली, विषय संपला. पण ज्यांच्या घरी सरकारी नोकरी होती त्यांना बदली म्हणजे काय ते चांगलं ठाऊक आहे. आमचे वडील सार्वजनिक बांधकाम खात्यात होते. बदलीची ऑर्डर हातात पडली तरी चार्ज सुटत नसे. नवा माणूस येणार, स्टोअरमधल्या सिमेंटच्या गोण्या मोजणार, चार्ज रिपोर्टवर दोघांच्या सह्या होणार, मग सुटका. तोवर एक गोणी कमी भरली तरी जबाबदारी जुन्याचीच, मग नवा माणूस यायला महिना का लावीना! (गोण्या नेमक्या मोजणीच्याच दिवशी कमी का भरत, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.)

बॅलन्स ट्रान्स्फरमध्ये तर खरीखुरी बदलीसुद्धा होत नाही. जुनं कर्ज उचलून कुणी दुसऱ्या बँकेत नेऊन ठेवत नाही. नवी बँक तुम्हाला एक नवीन कर्ज देते आणि ते पैसे तुमच्या हातात न देता तुमच्या वतीने जुन्या बँकेला पाठवते. जुन्या बँकेच्या नजरेने पाहिलं तर हा फक्त एक हप्ता आहे, नेहमीपेक्षा बराच मोठा. अर्ज मंजूर झाला हे तुम्हाला ठाऊक, नव्या बँकेला ठाऊक. जुन्या बँकेला ते कुणी सांगितलेलंच नसतं. ती आपली ड्यू डेटकडे डोळे लावून बसलेली.

मग एवढे दिवस लागतात तरी कशाला? खातं नवीन असेल तर बऱ्याच बँका मुद्दाम दहा ते चौदा दिवस थांबतात, अटींचे कागद हाती पडल्यावर तुम्हाला विचार बदलायला वाव मिळावा म्हणून. त्यानंतर काही बँकांना पैसे इलेक्ट्रॉनिक पद्धतीने जातात, काहींना अजूनही कागदी चेक टपालाने जातो. चेक म्हटला की टपालाचे दिवस आले, पाकीट फोडण्याचे आले, मध्ये एखादा शनिवार-रविवार आला. खाते क्रमांकातला एक आकडा चुकला तर चेक परत, आणि पहिले पाढे पंचावन्न. काही बँकांच्या अटींत सहा आठवड्यांपर्यंतची मुदत लिहिलेली असते. आणि त्याच अटींत, बारीक अक्षरांत, बहुतेक वेळा असंही एक वाक्य असतं की ट्रान्स्फर जमा झाल्याची खात्री होईपर्यंत जुन्या खात्याचे हप्ते भरत राहा. हे वाक्य तिथे असलं की नव्या बँकेकडून लेट फी भरून मिळण्याची आशा जवळजवळ सोडावी. मागून पाहायला हरकत नाही. पण हक्क म्हणून नव्हे.

आता एक उदाहरण. आमच्या मंडळातलंच एक जोडपं आहे. त्यांची परवानगी घेऊन, नावगाव गाळून लिहितो आहोत. सांगलीला आईचं खुब्याचं ऑपरेशन निघालं. विमानाची तिकिटं, इस्पितळाची अनामत, सगळं एकाच कार्डावर गेलं. बाकी झाली ६,४०० डॉलर, व्याजदर २४ टक्के. म्हणजे दिवसाला सुमारे ४ डॉलर २१ सेंट, तुम्ही झोपलेले असलात तरी. त्यांनी हिशेब करून १८ महिने शून्य टक्के व्याजाचं दुसरं कार्ड घेतलं. ट्रान्स्फरची फी ५ टक्के, म्हणजे ३२० डॉलर. तरीही सौदा फायद्याचाच, कारण जुन्या दराने तेवढं व्याज अडीच महिन्यांतच झालं असतं.

जुन्या कार्डाचं स्टेटमेंट ३ मार्चला निघालं. ड्यू डेट २८ मार्च, मिनिमम १९० डॉलर. नवा अर्ज ४ मार्चला मंजूर. गृहस्थांचं म्हणणं, सगळेच्या सगळे ६,४०० जाणार आहेत, तर वर आणखी १९० कशाला? वहिनींचं म्हणणं, पैसे पोचल्याचं दिसत नाही तोवर भरावेत. घरोघरी जे होतं ते तिथेही झालं, आणि १९० भरले गेले नाहीत. एप्रिलचं स्टेटमेंट आलं त्यात ३१ मार्चला ६,४०० जमा, आणि त्याच्या वरच्याच ओळीत ३० डॉलर लेट फी.

पुढचे तीन आठवडे दोघं आळीपाळीने दोन्ही बँकांना फोन करत होते. जुनी म्हणे, पैसे उशिरा आले. नवी म्हणे, आम्ही वेळेवर पाठवले. दर वेळी फोनवर नवा माणूस, त्याला पहिल्यापासून सगळी कथा, आणि शेवटी तेच पालुपद: दुसऱ्या बँकेला विचारा. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात तो असा. घरातला अबोला ३० डॉलरपेक्षा बराच महाग पडू लागला होता. त्यात ऑगस्टमध्ये घराच्या कर्जासाठी अर्ज करायचा बेत, म्हणून क्रेडिट रिपोर्टवर डाग पडतो की काय ही धास्ती.

एका रविवारी दोघं कागदांची चळत घेऊन आमच्याकडे आले. चहा होईपर्यंत गृहस्थ बँकांचा उद्धार करत होते, वहिनी गप्प होत्या. आम्ही पडलो इंजिनिअर. दोन यंत्रं एकमेकांकडे बोट दाखवू लागली की मधल्या तारेतून काय गेलं आणि कधी गेलं ते मोजायचं, एवढंच आम्हाला शिकवलं आहे. आम्ही म्हटलं, "नव्या बँकेला फोन लावा. पण आज तक्रार करू नका. तीनच गोष्टी विचारा. चेक कुठल्या पत्त्यावर पाठवला, कुठल्या तारखेला पाठवला आणि तो वटला कधी."

उत्तर दहा मिनिटांत आलं. चेक २१ मार्चला टपालात पडला होता. पत्ता जुन्या बँकेच्या स्टेटमेंटवर हप्त्यांसाठी छापलेला तोच, खाते क्रमांक बरोबर. आणि चेक वटला होता २७ मार्चला.

वहिनी पहिल्यांदाच बोलल्या. "भाऊजी, २७ ला वटला म्हणजे २७ ला तो त्यांच्या हातात होता ना? मग ३१ पर्यंत काय करत होते?"

नेमका हाच प्रश्न आम्ही कागदावर उतरवला. कायदा इथे वहिनींच्या बाजूचा आहे. १९६८ च्या ट्रुथ इन लेंडिंग कायद्याखाली जी नियमावली आहे, तिला रेग्युलेशन झेड म्हणतात. तिच्याप्रमाणे हप्ता बँकेकडे ज्या दिवशी पोचतो त्याच तारखेने तो जमा धरायचा. वहीत नोंद करायला दोन दिवस लागले तर लागोत, तारीख मात्र पोचल्याची. यात एक पोटकलम आहे, आणि आम्ही पत्ता पहिल्यांदा विचारला तो त्यासाठी. बँकेने ठरवून दिलेली पद्धत न पाळता हप्ता आला आणि तरी तिने तो स्वीकारला, तर जमा करायला तिला पाच दिवसांची मुभा असते. चेक जर बँकेच्या भलत्याच कचेरीत गेला असता, तर २७ मार्चनंतर पाच दिवस, म्हणजे १ एप्रिल, आणि आमचं गाडं तिथेच रुतलं असतं.

पुढचं काम पत्राचं. फोनवर कितीही घसा कोरडा केला तरी १९७४ च्या फेअर क्रेडिट बिलिंग कायद्याचं संरक्षण त्याने मिळत नाही. तक्रार लेखी हवी. ज्या स्टेटमेंटवर चूक पहिल्यांदा दिसली ते पाठवल्यापासून ६० दिवसांच्या आत ती बँकेकडे पोचायला हवी. आणि ती हप्त्याच्या पाकिटात कोंबायची नाही. स्टेटमेंटच्या मागच्या बाजूला बिलाच्या चौकशीसाठी वेगळा पत्ता दिलेला असतो, तिथेच पाठवायची. हप्त्याच्या पत्त्यावर गेलेली पत्रं यंत्रं उघडतात, आणि यंत्रांना आपलं दुःख कळत नाही. पत्रात नाव, खाते क्रमांक, चुकीची रक्कम आणि आपल्याला ती चूक का वाटते, एवढं पुरे. बँकेच्या पूर्वजांचा उल्लेख टाळावा. आम्ही सोबत वटलेल्या चेकच्या दोन्ही बाजूंची नक्कल जोडली, ती नव्या बँकेने मागितल्यावर पाठवली होती. पत्र टपालखात्याच्या सर्टिफाइड मेलने, पोचपावतीसकट.

बँकेने ३० दिवसांत पोच द्यायची असते आणि दोन बिलिंग सायकलच्या आत, जास्तीत जास्त ९० दिवसांत, निकाल द्यायचा असतो. तोपर्यंत वादातली रक्कम भरली नाही म्हणून तुम्हाला थकबाकीदार म्हणून कळवता येत नाही. 'वादातली रक्कम' हे शब्द महत्त्वाचे आहेत. एप्रिलच्या स्टेटमेंटवर लेट फी आणि व्याज मिळून सुमारे १४८ डॉलर होते. त्यातलं २७ मार्चपर्यंतचं व्याज, सुमारे १०१ डॉलर, ते खरोखरचंच देणं होतं. ते आम्ही त्यांना लगेच भरायला लावलं. वाद फक्त ४७ डॉलरचा ठेवला: ३० लेट फी आणि चार दिवसांचं जादा व्याज. रागाच्या भरात सगळंच अडवून धरणारे लोक आम्ही पाहिले आहेत. त्यांची बाजू खरी असली तरी न्याय्य देणं थकवल्याने ते स्वतःच अडचणीत येतात. जूनमध्ये बँकेचं दोन ओळींचं पत्र आलं आणि ४७ डॉलर वजा झाले.

म्हणजे गृहस्थ बरोबर होते का? मुळीच नाही, आणि हे आम्ही त्यांना तोंडावर सांगितलं. चेक दोन दिवस उशिरा निघाला असता आणि २९ ला पोचला असता, तर कुठलंही कलम त्यांच्या कामी आलं नसतं. मग उरते ती फक्त विनंती. खातं वर्षानुवर्षं नीट सांभाळलेलं असेल तर पहिल्या खेपेला बँका बऱ्याचदा फी सोडतात, पण ती त्यांची मर्जी.

आणि ते १९० डॉलर 'दोनदा' भरले जातात ही समजूतही खोटी आहे. नीट पाहा. ३ मार्चला बाकी ६,४०० होती. नवी बँक ६,४०० पाठवते. पण मधल्या चोवीस-पंचवीस दिवसांचं व्याज कोण भरणार? ते जुन्या खात्यावर शेपटासारखं मागे राहतं. १९० भरले असते तर शंभरेक डॉलरचं हे शेपूट त्यातच कापलं गेलं असतं, आणि उरलेले जवळजवळ ९० डॉलर खात्यात जमेच्या बाजूला दिसले असते. एका डॉलरपेक्षा जास्त जमा असेल आणि तुम्ही लेखी मागणी केलीत, तर कामकाजाच्या सात दिवसांत बँकेने ते परत करायचे असतात. आपले पैसे आपल्याकडेच येतात, थोडे फिरून.

या शेपटाबद्दल जरा थांबून बोलायला हवं, कारण आमच्या मते लेट फीपेक्षा खरा धोका तिथे आहे. आमच्या ओळखीतला एक तरुण, शिक्षण संपवून नुकताच नोकरीला लागलेला. त्याने बाकी नव्या कार्डावर नेली, जुनं कार्ड कपाटात टाकलं. स्टेटमेंट ईमेलने यायचं, तेही कॉलेजच्या पत्त्यावर, आणि तो पत्ता पदवीनंतर बंद झालेला. खात्यावर राहिलं होतं ६१ डॉलरचं शेपूट. चार महिन्यांनी गाडीच्या कर्जाला अर्ज केला तेव्हा कळलं की ६१ डॉलरपायी तो थकबाकीदार ठरला आहे. लेट फी ड्यू डेटच्या दुसऱ्याच दिवशी लागू शकते, पण क्रेडिट ब्युरोकडे सहसा ३० दिवस उलटल्यावरच कळवलं जातं. म्हणून एक-दोन दिवसांच्या उशिराने रिपोर्ट खराब होत नाही, पण विसरलेल्या शेपटाने होतो. आणि तो डाग सात वर्षं राहतो. आमच्या जोडप्याची धास्ती अस्थानी होती. या पोराला धास्ती वाटायला हवी होती, तर त्याला पत्ताच नव्हता.

जुन्या वाचकांना आठवत असेल, हे सगळं पूर्वी याहून वाईट होतं. बिलाच्या पाकिटावर साउथ डकोटातलं सू फॉल्स किंवा डेलावेअरमधलं विल्मिंग्टन का दिसतं, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. त्याचं कारण, १९८० आणि १९८१ साली या दोन राज्यांनी व्याजाच्या कमाल मर्यादा उठवल्या आणि बँकांनी तिकडे बिऱ्हाडं हलवली. १९९६ साली सुप्रीम कोर्टाने स्मायली विरुद्ध सिटीबँक या खटल्यात ठरवलं की लेट फी हेही एक प्रकारचं व्याजच, आणि म्हणून बँकेच्या राज्यातला कायदा लागू. मग काय, लेट फी वाढतच गेली. सकाळी अकराची वेळ देऊन दुपारच्या टपालाने आलेला हप्ता उशिराचा धरणं, ड्यू डेट नेमकी रविवारी टाकणं, असले प्रकारही चालत.

त्याला लगाम घातला तो २००९ च्या कार्ड कायद्याने. त्यातल्या बऱ्याच तरतुदी फेब्रुवारी २०१० पासून लागू झाल्या. ड्यू डेट दर महिन्याला एकाच तारखेला, संध्याकाळी पाचपर्यंत आलेला हप्ता वेळेवर, स्टेटमेंट निदान २१ दिवस आधी पाठवायचं, ड्यू डेटला बँक टपाल घेत नसेल तर टपालाने पुढच्या कामाच्या दिवशी आलेला हप्ताही चालतो, आणि लेट फी त्या महिन्याच्या मिनिममपेक्षा जास्त लावायची नाही. ट्रान्स्फर करणाऱ्यांसाठी आणखी एक महत्त्वाचं: नेलेल्या बाकीवरचा सवलतीचा दर मुदतीआधी काढून घ्यायचा, तर तुम्ही ६० दिवसांहून जास्त थकलेले असायला हवेत. एक दिवस उशीर झाला की शून्य टक्के गेले, ही भीती २०१० पूर्वीची आहे. २०२४ साली मोठ्या बँकांची लेट फी ८ डॉलरवर आणणारा नियम जाहीर झाला होता, वर्तमानपत्रांत गाजला, आणि अजूनही काही जण आम्हाला त्याचा दाखला देतात. तो नियम कधी लागू झालाच नाही. टेक्सासमधल्या कोर्टाने तो आधी रोखला आणि एप्रिल २०२५ मध्ये रद्द केला.

भारतातून नुकत्याच आलेल्या मंडळींना एक सांगायला हवं. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमावलीत ड्यू डेटनंतर तीन दिवस उलटल्याशिवाय दंड लावता येत नाही. ती सवय इथे घेऊन येऊ नका. इथे कायद्याने दिलेली अशी सूट नाही. पाच वाजले की वाजले.

"मग ट्रान्स्फर झाल्यावर जुनं कार्ड लगेच बंद करून टाकू का?" हे मसालेभाताच्या रांगेतल्या दुसऱ्या गृहस्थांनी विचारलं होतं, आणि तेव्हा वाढप्याने आम्हाला पुढे ढकललं म्हणून उत्तर राहून गेलं. नाही. दोन स्टेटमेंटं शून्याची येऊ द्या. ऑटोपे लावलेला असेल तर तोही तोपर्यंत चालू ठेवा. आणि स्टेटमेंट कुठल्या ईमेलवर जातं ते आज रात्रीच एकदा पाहून घ्या.